एकोणनव्वद म्हणजे किती?

डोलवीतल्या आमच्या रविवारच्या गणिताच्या वर्गात सुरुवातीच्या दिवसांत एक मुलगा आला. वडील कंत्राटदाराकडे कामाला, मूळ गाव बिहारमध्ये छपऱ्याकडे. वय दहा. चार अंकी वजाबाकी तो फळ्यावर आमच्या आधी संपवायचा. गुरुजींनी सहज सांगितलं, "एकोणनव्वद लिही." त्याने 91 लिहिलं.

"नीट ऐक. एकोण-नव्वद."

त्याने 91 पुसलं, 19 लिहिलं. मग तेही पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, हिंदी में बोलिए ना."

मी म्हटलं, "नवासी."

क्षणात 89.

मुलाचं काय चुकलं होतं? त्याच्या कानावर 'एक' पडलं आणि 'नव्वद' पडलं. नव्वद आणि एक म्हणजे एक्क्याण्णव. हिशोब बिनचूक होता. 'एक ऊन', म्हणजे एक कमी, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्यातल्याही किती जणांना शाळेत सांगितलं होतं, देव जाणे. आम्ही पाठ केलं आणि सुटलो.

हा प्रसंग लिहायला मला थोडी लाज वाटते. कारण त्याच्या काही वर्षं आधी, 2019च्या जूनमध्ये, संख्यावाचनाच्या नव्या पद्धतीची टिंगल करणाऱ्यांत मीही होतो. 'वीस एक, वीस दोन' हे ऐकून मी दोन-तीन विनोद केले, लोकांनी ते पुढे पाठवले आणि मला बरंही वाटलं. त्या विनोदांची परतफेड म्हणून हा लेख आहे असं समजा.

डोलवी पेण तालुक्यात आहे. वडखळच्या नाक्यावरून एक रस्ता गोव्याला जातो, एक अलिबागला, आणि जवळच आंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते. पूर्वी इथलं गणित खारजमिनीचं होतं. बांध किती लांबीचा, खंडीला किती मण, भरती-ओहोटीची वेळ कोणती. पुढे पोलाद कारखाना आला. आधी इस्पात, 2010च्या सौद्यानंतर जेएसडब्ल्यू. त्याबरोबर देशभरची माणसं आली आणि त्यांची मुलंही. आज आमच्या वर्गात आगरी मुलं आहेत, कोळी आहेत, आम्हा कोकणी मुसलमानांची आहेत, आणि भोजपुरी, ओडिया, बंगाली बोलणारीही आहेत. वर्ग म्हणजे गुरुजींच्या घराची पडवी. शिकवणारे तिघे: निवृत्त गुरुजी, वडखळकडची बी.एस्सी. झालेली एक मुलगी, जी इतर दिवशी शिकवण्या घेऊन घर चालवते, आणि पनवेलहून एसटीने येणारा मी. फी नाही, परीक्षा नाही, आणि अभ्यासक्रमही नाही म्हटलं तरी चालेल.

या मातीत गणिताची कमतरता कधी नव्हती. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे (1825-1884) कुलाब्याच्या वेधशाळेत काम करून पुढे पुण्यात गणित शिकवू लागले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. आमच्याच तालुक्यातल्या गागोद्यात 1895 साली जन्मलेले विनोबा ईश्वराच्या खालोखाल गणितावर प्रेम करायचे. (आमच्या घरी विनोबांचं नाव निघायचं ते त्यांच्या कुराणाच्या अभ्यासामुळे. त्यांच्या गणिताची गोष्ट मला फार उशिरा कळली.)

पण नागावचे छत्रे पुण्याला गेले आणि गागोद्याचे विनोबा लहानपणीच बडोद्याला. जे इथेच राहिले त्यांना गणित कोणत्या शब्दांत मिळालं, हा माझा प्रश्न आहे.

पंतोजींच्या शाळेतलं गणित जवळजवळ सगळं जिभेवर होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. गुरुजींना औटकी अजून येते आणि ती म्हणताना ते लहान मुलासारखे डुलतात. या पाढ्यांमागे व्यवहार होता: बाजारात कागद-पेन्सिल नव्हती आणि माप पावानं, सव्वानं, दीडनं चालायचं. हिंदी-उर्दू पट्ट्यातही तसेच सवैया, डेढ़ा, ढैया होते. गणित तेच, शब्द वेगळे. ज्याच्या घरात ते शब्द होते त्याला पाढा आपोआप चढायचा. ज्याच्या घरात नव्हते तो मठ्ठ ठरायचा.

मी स्वतः दोन्हीकडे वाढलो. सकाळी मक्तबात उस्ताद सिपाऱ्याची पानं उर्दूत मोजायचे, दुपारी शाळेत बाई मराठीत. तेव्हा हा त्रास वाटला नाही, कारण घरात आमची कोकणी होती आणि ती मराठीच्या सख्ख्या बहिणीसारखी. छपऱ्याच्या मुलाकडे ती बहीण नव्हती.

आता 'त्रेपन्न' घ्या. उच्चारताना तीन आधी येतात, पन्नास नंतर. लिहिताना पाच आधी, तीन नंतर. ऐकेल तसं लिहिणारं मूल 35 लिहितं आणि आपण त्याला निष्काळजी म्हणतो. संस्कृत परंपरेत अंक उजवीकडून डावीकडे मोजत जायची रीत होती, त्यामुळे एकक आधी बोलण्यात काही विसंगती नव्हती. अरबीतही त्रेपन्नला 'तीन आणि पन्नास' म्हणतात आणि लिपी उजवीकडून सुरू होते. एककापासून वाचत गेलं तर बोलणं आणि वाचणं एकाच दिशेने चालतं. भारतातून बगदादला गेलेले हे अंक अल्-ख्वारिज्मीच्या पुस्तकामार्फत युरोपात पोचले, तेव्हा तिथल्या डावीकडून लिहिणाऱ्या जर्मनांच्या तोंडीही 'तीन-आणि-पन्नास'च होतं, आणि आजही आहे. जर्मन मुलंही आकडे उलटे लिहितात. आपलं मूल एकटं नाही.

नॉर्वेने यावर सरळ सरकारी निर्णयाने उपाय केला. तिथेही 'तीन-आणि-पन्नास' म्हणायचे. टेलिफोनचे नंबर तोंडी सांगताना घोळ होऊ लागले, तेव्हा टेलिफोन खात्याच्या आग्रहावरून संसदेत प्रश्न गेला आणि 1951पासून शाळांत 'पन्नास-तीन' सुरू झालं. गंमत अशी की सत्तर वर्षांनंतरही तिथे दोन्ही पद्धती चालतात. नॉर्वेजियन भाषा बुडाली नाही.

आपल्याकडे 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा विधानसभेत टोलेबाजी झाली, वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, मराठीचा घात झाल्याची ओरड झाली. जुने शब्द रद्द झालेले नव्हते, नवी पद्धत जोडीला दिली होती. पण ओरडणाऱ्या कितींनी ते पुस्तक उघडून पाहिलं होतं? मी पाहिलं नव्हतं.

गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. वर्तमानपत्रं त्यांची ओळख बहुतेक वेळा पतीच्या नावाने द्यायची, म्हणून जरा थांबून सांगतो. मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला 1964 साली सुवर्णपदक. मग टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम, लग्नानंतर केंब्रिजला शिकवणं, मुलींचं संगोपन, आणि 1981 साली संख्याशास्त्रातली पीएच.डी. (संख्याशास्त्र म्हणजे इथे अंकांच्या गुणधर्मांचं शास्त्र, सरकारी आकडेवारीचं नव्हे.) एवढं झाल्यावर ही बाई मुलांना भागाकार कसा समजेल याच्या मागे लागली. 'गणिताच्या सोप्या वाटा', 'गणितगप्पा' ही तिची पुस्तकं आमच्या पडवीत आहेत आणि त्यांची पानं सुटी झाली आहेत. शाळेबाहेर, ज्यांच्या घरी शिकवणारं कुणी नाही अशा मुलांना शिकवताना तिला जे दिसलं असेल ते मला 91 लिहिणाऱ्या त्या मुलाने दाखवलं. एकवीस ते नव्याण्णव म्हणजे ऐंशीच्या आसपास वेगवेगळे शब्द, त्यांत जोडाक्षरांची गर्दी, आणि वर हा उलटा क्रम. टीव्हीवर ओरडणाऱ्यांच्या मध्ये शांतपणे बोलणाऱ्या त्यांना मी पाहिलं होतं. जुलै 2023मध्ये त्या गेल्या. माफी मागायची राहून गेली.

त्यांच्याही बरंच आधी मुंबईत हे काम पद्धतशीर झालं होतं. टाटा संस्थेने 1974 साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. तिथे व्ही. जी. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुलं निवडली आणि शाळेच्या वेळेबाहेर त्यांना गणित-विज्ञान शिकवलं. ही मुलं मुळात कमी पडतात हा समज त्यांना तपासायचा होता. मुलं पुढे दहावीला चांगली चमकली. त्या कामाचा अहवाल 1985 साली प्रसिद्ध झाला. त्या केंद्राच्या कामातून वारंवार समोर आलेली गोष्ट म्हणजे पुस्तकाची भाषा. वाक्य सोपं केलं, संस्कृतप्रचुर संज्ञा उलगडून सांगितल्या, की तेच मूल तेच उदाहरण सोडवतं. मुलाचं डोकं बदललेलं नसतं. दारातला दगड बाजूला केलेला असतो.

पुढे हेच केंद्र ऑलिंपियाडचं मुख्य केंद्र झालं. भारताचा संघ 1989 साली प्रथम आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला गेला, 1996 साली ती स्पर्धा मुंबईतच भरली. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी 1976 साली स्थापलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानने शाळकरी मुलांना त्यासाठी तयार केलं. हे सगळं मोठं काम आहे आणि त्याबद्दल भरपूर लिहून आलं आहे. मला त्याच केंद्राचं महापालिकेच्या मुलांसोबतचं काम जास्त जवळचं वाटतं. ते क्वचितच कुणाच्या लक्षात असतं.

शाळेबाहेरच्या शिक्षकांची ही जात जगभर आहे. हंगेरीत ग्योर गावच्या दानिएल अरानी या शाळामास्तराने 1894 साली मुलांसाठी गणिताचं मासिक काढलं: दर महिन्याला कोडी, आणि उत्तरं पाठवणाऱ्यांची नावं. पुढचे मोठे हंगेरियन गणिती त्यातली कोडी सोडवत मोठे झाले. रशियात 1930च्या दशकापासून विद्यापीठातले गणिती संध्याकाळी शाळकरी मुलांची मंडळं घेत. पण ती मॉस्को-लेनिनग्राडच्या मुलांपुरती होती. इस्रायल गेल्फंड स्वतः युक्रेनमधल्या लहान गावचे, शाळाही पूर्ण न झालेले. त्यांनी 1964 साली पत्राद्वारे गणिताची शाळा काढली, खेड्यापाड्यातल्या मुलांसाठी. मूल उत्तर पाठवायचं, विद्यापीठातला विद्यार्थी तपासून परत पाठवायचा. पोस्टाचं तिकीट हीच काय ती फी. डोलवीत बसून मला गेल्फंडांचा हेवा वाटतो.

आणि आपले कापरेकर. डहाणूला 1905 साली जन्म, 1930 ते 1962 देवळालीला शाळामास्तर. पदवीपलीकडे शिक्षण नाही, त्यामुळे विद्यापीठातल्या मोठ्यांनी त्यांना फारसं मोजलं नाही. 1975 साली मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या आपल्या सदरात लिहिलं आणि मग जग त्यांना ओळखू लागलं. ते शाळाशाळांतून मुलांना अंकांच्या गमती सांगत फिरायचे. त्यांचा 6174 आम्ही 'एकोणनव्वद'च्या पुढच्याच रविवारी काढला, मुद्दाम. कारण त्यात शब्द लागत नाहीत.

चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा. मी फळ्यावर 2019 लिहिलं. 9210 वजा 0129, उत्तर 9081. मग 9810 वजा 0189, उत्तर 9621. 9621 वजा 1269, उत्तर 8352. 8532 वजा 2358, उत्तर 6174. पुन्हा केलं तरी 6174च. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पावलांत तिथेच. पडवीत पंधरा मिनिटं कुणी कुठल्याच भाषेत बोललं नाही. छपऱ्याच्या मुलाने आपल्या वडिलांच्या मोबाइल नंबरातले शेवटचे चार आकडे घेतले, आणि 6174 आल्यावर तो इतका जोरात ओरडला की गुरुजींच्या सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

त्यानंतर आम्ही एक गोष्ट ठरवली. संख्या तीन प्रकारे म्हणायची: ऐंशी नऊ, एकोणनव्वद, आणि ज्याच्या त्याच्या घरचा शब्द. गुरुजींचा सुरुवातीला विरोध होता. "अरे, मराठी शाळेत जाणारी मुलं, मराठी शब्द नको यायला?" ते म्हणाले. मी म्हटलं, "गुरुजी, यायलाच हवा, पण शेवटी." आमचा वाद तीन रविवार चालला. माझंही पूर्ण बरोबर नव्हतं. 'त्रेपन्न'सारखा शब्द जिभेवरून जावा असं मलाही वाटत नाही, आणि बाजारात कुणी 'पन्नास तीन रुपये' म्हणत नाही. वडखळच्या त्या मुलीने वाद मिटवला. तिने फळ्यावर 'एक ऊन नव्वद' लिहिलं आणि खाली 90 - 1. बस, एवढंच. गुरुजी म्हणाले, चाळीस वर्षं शिकवलं, हे असं फोडून कधी लिहिलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर ओडिशाची एक मुलगी यायला लागली. तिला 'एकोणसाठ' अडलं, तेव्हा मी उठायच्या आत छपऱ्याच्या मुलाने खडू घेतला. "एकोण माने एक कम," त्याने सांगितलं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, सगळे त्याने रांगेत लिहून काढले. मुलीने रांग पाहिली आणि शेवटच्या आकड्याखाली बोट ठेवलं.

"तो निन्यानबे, एकोणशंभर?"

"नव्याण्णव," तो म्हणाला.

"क्यों?"

त्याने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी माझ्याकडे.