तिसरा सोमवार आणि बावीस फेब्रुवारी

अमेरिकेत स्थायिक झालेले आपले नातलग फेब्रुवारीच्या मध्यावर दूरध्वनीवरून कळवितात, "या सोमवारी आम्हांला सुट्टी आहे, शनिवार-रविवारला जोडून आली आहे." कशाची सुट्टी, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळते, "प्रेसिडेंट्स डे. अध्यक्षांचा दिवस." कोणत्या अध्यक्षांचा, हे पुढे सहसा कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आम्ही येथे विचारू इच्छितो.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या सुट्ट्यांत 'अध्यक्ष दिन' नावाची सुट्टीच नाही. तेथे आजही 'वॉशिंग्टन यांचा जन्मदिवस' असेच शब्द आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन हे त्या देशाचे पहिले अध्यक्ष. १७८९ ते १७९७ अशी आठ वर्षे ते अधिकारपदी होते. त्यांचा २२ फेब्रुवारी हा जन्मदिवस लोक त्यांच्या हयातीतच साजरा करू लागले होते. १८७९ साली राजधानीतील सरकारी नोकरांना आणि १८८५ पासून देशभरच्या केंद्रीय नोकरांना त्या दिवशी सुट्टी मिळू लागली.

या तारखेलाही थोडा इतिहास आहे आणि तो आपल्या वाचकांना मौजेचा वाटेल. वॉशिंग्टन जन्मले तेव्हा व्हर्जिनियात जुनी इंग्रजी कालगणना चालू होती आणि तीनुसार तो दिवस ११ फेब्रुवारीचा होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली सुधारलेली दिनदर्शिका लागू केली होती. येशूसंघीय गणिती ख्रिस्तोफर क्लाव्हियस यांचा त्या कामात मोठा वाटा होता. परंतु पोपने सांगितलेली तारीख मानावयाची कशी, या अढीपायी प्रॉटेस्टंट इंग्लंडने ती स्वीकारण्यास १७५२ साल उजाडविले. त्या वर्षी सप्टेंबरमधील ११ दिवस गाळले गेले आणि तरुण वॉशिंग्टनचा जन्मदिवस २२ फेब्रुवारीवर येऊन ठेपला.

दुसऱ्यांदा तो हलला तो मात्र खगोलशास्त्रासाठी नव्हे. २८ जून १९६८ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि १९७१ पासून काही राष्ट्रीय सुट्ट्या ठरावीक तारखेऐवजी सोमवारी येऊ लागल्या. दूरदूर राहणाऱ्या कुटुंबीयांना सलग तीन दिवस एकत्र घालविता यावेत, लोकांनी प्रवास करावा, आठवड्याच्या मध्येच कामात खंड पडू नये, अशी कारणे देण्यात आली. ती खोटी नव्हती. कारखान्यात राबणाऱ्या बापाला सलग तीन दिवस मुलांसोबत मिळणे ही काही लहान गोष्ट नाही. सण रविवारवर नेण्याची रीत आपल्यालाही परकी नाही; प्रभुप्रकटनाचा सण ६ जानेवारीऐवजी रविवारी साजरा होतो तो भाविकांच्या सोयीसाठीच.

पण सोयीची किंमत असते. वॉशिंग्टन यांची सुट्टी फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी ठेवली गेली. तिसरा सोमवार १५ ते २१ या तारखांतच येऊ शकतो. म्हणजे ज्यांचा जन्मदिवस म्हणून ही सुट्टी मिळते, त्यांच्या खऱ्या जन्मदिवशी ती कधीही येत नाही! याच कायद्याने माजी सैनिकांचा ११ नोव्हेंबरचा दिवसही ऑक्टोबरातील सोमवारी नेला होता. पहिले महायुद्ध ज्या तारखेला थांबले ती तारीख सोडणे सैनिकांच्या संघटनांना मानवले नाही. अनेक राज्यांनी जुनाच दिवस पाळला आणि अखेर १९७८ पासून ११ नोव्हेंबर पूर्ववत झाला. वॉशिंग्टन यांच्या तारखेला असे पाठीराखे लाभले नाहीत.

मग तो सोमवार जातो कसा? टपाल येत नाही, बँका आणि सरकारी कचेऱ्या बंद असतात. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात शाळांना त्या सुमारास आठवडाभर सुट्टी असते. ज्यांना परवडते ते बर्फावर घसरण्याचा खेळ खेळावयास डोंगरांकडे जातात. बाकीचे बाजारात जातात. मोटारी, गाद्या, कपाटे आणि धुलाईयंत्रे यांवर सवलतींचा वर्षाव होतो आणि जाहिरातींत वॉशिंग्टन व लिंकन यांची चित्रे शेजारी-शेजारी झळकतात. 'अध्यक्ष दिन' हे नाव घरोघरी पोचविण्यात या जाहिरातींचा हात मोठा आहे. लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारीचा, म्हणून दोघांना एका दिवसात बसविणे व्यापाऱ्यांना सोपे गेले. दुकानांत उभे राहून विक्री करणाऱ्यांना मात्र त्या दिवशी सुट्टी नसते.

काही घरांत चेरीचा पाय, म्हणजे चेरी भरलेला भाजीव गोड पदार्थ, होतो. त्याचे मूळ एका गोष्टीत आहे. लहानग्या जॉर्जने कुऱ्हाडीने वडिलांचे चेरीचे झाड जखमी केले आणि विचारताच खरे सांगून टाकले, ही कथा आपल्यापैकी अनेकांनी बालपणी ऐकली असेल. ती मेसन वीम्स नावाच्या पाद्री व पुस्तकविक्रेत्याने १८०६ साली आपल्या वॉशिंग्टन-चरित्राच्या नव्या आवृत्तीत घातली. तिला पुरावा नाही. खरे बोलण्याचा धडा देणारी कथाच कल्पित निघावी, यावर आम्ही अधिक काय लिहावे?

वॉशिंग्टन यांना थोर ठरविण्यासाठी कल्पित कथांची गरजही नव्हती. कॅथलिकांना त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटावी असे बरेच आहे. त्या काळी बॉस्टन परिसरात दर ५ नोव्हेंबरला पोपचा पुतळा जाळण्याची प्रथा होती. १७७५ साली सेनापती वॉशिंग्टन यांनी आपल्या सैन्यात ती बंद केली आणि तिला पोरकट म्हटले. कॅनडातील कॅथलिकांचे साहाय्य हवे होते, हे कारण होतेच. तरी आज्ञा ती आज्ञा. त्यापूर्वी वर्षभर, ऑक्टोबर १७७४ मध्ये, फिलाडेल्फियातील कॅथलिक चर्चमध्ये एका रविवारी दुपारी ते उपासनेस जाऊन आले होते. अध्यक्ष झाल्यावर १७९० साली जॉन कॅरल आणि काही प्रमुख कॅथलिक प्रापंचिकांनी त्यांना अभिनंदनपत्र पाठविले. वॉशिंग्टन यांनी उत्तरात लिहिले, की स्वातंत्र्यसंग्रामातील कॅथलिकांचा वाटा आणि कॅथलिक राष्ट्राने, म्हणजे फ्रान्सने, केलेली मदत देशबांधव विसरणार नाहीत.

ही पत्रे अभिमानाने वाचताना आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. अभिनंदनपत्रावर सही करणारे मेरिलंडचे चार्ल्स कॅरल शेकडो गुलामांचे धनी होते. त्याच मेरिलंडमध्ये १८३८ साली येशूसंघीयांनी २७२ गुलाम स्त्री-पुरुष-बालके विकली आणि त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यास गेला. २०१७ साली येशूसंघाने व विद्यापीठाने त्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली. उत्तर देणारे वॉशिंग्टनही गुलामांचे धनी होते. १७९९ साली त्यांच्या माउंट व्हर्नन येथील जमिनीवर ३१७ गुलाम राबत होते.

त्यांपैकी दोन वर्षांपूर्वी निसटलेल्या एकाची हकीकत या लेखाला कारण झाली. हर्क्युलिस पोझी हा वॉशिंग्टन यांचा मुख्य आचारी. राजधानी फिलाडेल्फियात असताना अध्यक्षांच्या घरचा स्वयंपाक त्याच्याकडे होता. वॉशिंग्टन यांच्या पत्नीच्या नातवाने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे: स्वयंपाकघरात करडी शिस्त, कामाला विलक्षण चपळ, उरलेसुरले विकून मिळालेल्या पैशांतून शिवलेला उंची पोशाख आणि सोन्याच्या मुठीची काठी घेऊन तो संध्याकाळी शहरात फिरावयास निघे. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे परराज्यातून आणलेला गुलाम सलग सहा महिने तेथे राहिल्यास मुक्त होई. म्हणून अध्यक्ष आपल्या गुलामांना मुदतीपूर्वी राज्याबाहेर पाठवीत आणि पुन्हा आणीत. खरे बोलणाऱ्या मुलाची गोष्ट सांगणारे हे सांगत नाहीत.

१७९६ च्या मे महिन्यात घरची मंडळी जेवावयास बसली असता ओना जज ही तरुण दासी त्या घरातून निघून गेली ती परतली नाही. त्याच वर्षी हर्क्युलिसला माउंट व्हर्ननला ठेवण्यात आले. नोव्हेंबरात त्याच्या मुलाने, रिचमंडने, पैसे चोरल्याचे उघडकीस आले. बापलेक पळण्याच्या बेतात असावेत, असा वॉशिंग्टन यांना संशय आला. भर हिवाळ्यात त्या नामांकित आचाऱ्याच्या हाती फावडे आले. माती खणणे, दगड फोडणे हे त्याचे काम झाले.

२५ फेब्रुवारी १७९७ रोजी संपलेल्या आठवड्याच्या शेतीच्या नोंदवहीत हर्क्युलिस पळाल्याची आणि त्याचे ४ दिवस बुडाल्याची नोंद आहे. शनिवारपासून मागे मोजले की बुधवार येतो, २२ फेब्रुवारी. त्या दिवशी वॉशिंग्टन फिलाडेल्फियात होते आणि शहर त्यांचा पासष्टावा वाढदिवस थाटामाटाने साजरा करीत होते.

पुढे काही आठवड्यांनी फ्रान्सचे राजपुत्र लुई फिलिप माउंट व्हर्ननला पाहुणे आले. त्यांच्या सेवकाने हर्क्युलिसच्या सहा वर्षांच्या मुलीला विचारले, की बाप आता कधीच दिसणार नाही याचे तुला दुःख होत असेल. ती म्हणाली, मला फार आनंद आहे, कारण तो आता मुक्त आहे. राजपुत्राने ते आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले.

वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या १२३ गुलामांना मुक्त करण्याचे लिहिले आणि १ जानेवारी १८०१ रोजी त्यांच्या पत्नीने ते अंमलात आणले. त्यांत हर्क्युलिसही आला. त्याची मुले मात्र आईकडून पत्नीच्या पहिल्या सासरच्या मालमत्तेत मोडत होती. त्यांना ही मुक्ती लागू झाली नाही. फिलाडेल्फियातील अध्यक्षांच्या घराच्या जागी २०१० साली उभारलेल्या स्मारकात तेथे राबलेल्या नऊ गुलामांची नावे कोरली आहेत. हर्क्युलिसचे त्यांत आहे. तो कोठे गेला हे मात्र २०१९ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या मृत्युनोंदी चाळताना त्याचे नाव सापडले. १५ मे १८१२ रोजी तो त्या शहरात वारला होता.