शाळा कधी उघडायची, मास्क कोणाला लावायचा? कोरोनाने खानदेशला शिकवलेला धडा



कोरोना आता मागे पडला आहे, पण त्या काळातला एक वाद अजून मिटलेला नाही. शाळा इतके दिवस बंद ठेवायला हव्या होत्या का? लहान मुलांना मास्क लावणं गरजेचं होतं का? जळगाव-धुळ्याकडे यावर आजही दोन तट पडतात. पुढची साथ येण्याआधी हा इतिहास शांतपणे समजून घेऊ.

आधी भीती कुठून आली ते पाहू

मार्च २०२० च्या मध्याला राज्यातल्या शाळा बंद झाल्या. तेव्हा हा विषाणू नवा होता. इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुलं आजार घरोघरी नेतात, हा जुना अनुभव होता. त्यामुळे आधी शाळा बंद करणं वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं नव्हतं. त्यातच मे-जून २०२० मध्ये जळगाव जिल्ह्यातला मृत्युदर देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त होता. खानदेशात आजी-आजोबा, आई-वडील आणि नातवंडं एकाच घरात राहतात. पालकांना मुलापेक्षा घरातल्या म्हाताऱ्यांची काळजी होती, आणि ती खरी होती.

मग काय कळत गेलं?

डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० पासून शाळा उघडल्या आणि सुरुवात सगळ्यात लहान मुलांपासून केली. स्वीडनने तर लहान मुलांच्या शाळा बंदच केल्या नाहीत. तिथल्या १ ते १६ वयाच्या सुमारे साडेएकोणीस लाख मुलांपैकी मार्च ते जून २०२० मध्ये १५ जणांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, आणि कोरोनाने एकही मूल दगावलं नाही. अर्थात तिथली छोटी कुटुंबं आणि आपली भरलेली घरं यात फरक आहे, हे विसरू नका.

आपल्याकडचा पुरावा जुलै २०२१ मध्ये आला. आयसीएमआरच्या चौथ्या सिरो सर्वेक्षणात राज्यातल्या सहा जिल्ह्यांत जळगावही होता. देशभरात ६ ते ९ वयाच्या ५७ टक्के आणि १० ते १७ वयाच्या जवळपास ६२ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. म्हणजे शाळा बंद असतानाही निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग होऊन गेला होता, आणि बहुतेकांच्या घरी ते कळलंही नव्हतं. तेव्हाच आयसीएमआरचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी सुचवलं की शाळा उघडायच्या तर आधी प्राथमिक उघडाव्यात.

आपण मात्र उलट क्रमाने गेलो

राज्यात कोणते वर्ग कधी उघडले, ते बघा:

- २३ नोव्हेंबर २०२०: नववी ते बारावी, स्थानिक प्रशासनाच्या निर्णयानुसार
- २७ जानेवारी २०२१: पाचवी ते आठवी. लगेच दुसरी लाट आली. जळगाव शहरात ११ ते १५ मार्च जनता कर्फ्यू लागला.
- १५ जुलै २०२१: महिनाभर एकही रुग्ण नसलेल्या गावांत आठवी ते बारावी
- ४ ऑक्टोबर २०२१: ग्रामीण भागात पाचवीपासून, शहरांत आठवीपासून
- १ डिसेंबर २०२१: पहिलीपासून पुढे
- जानेवारी २०२२: ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद, २४ तारखेपासून पुन्हा सुरू

मोठ्यांना आधी बोलावण्यामागे कारणं होती. दहावी-बारावीच्या परीक्षा होत्या आणि मोठी मुलं नियम पाळतात. पण किंमत कोणी मोजली? जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात पहिल्यांदा बसलं, तेव्हा ते दुसरीत होतं.

खानदेशात हे नुकसान जास्त का?

आपल्या मुलांची घरची बोली अहिराणी, लेवा बोली किंवा तडवी असते. शिरपूर, चोपडा, यावलच्या सातपुडा पट्ट्यात पावरी, साक्रीकडे कोकणी-मावची. पुस्तकातली मराठी मूल शाळेतच पहिल्यांदा कानावर घेतं. शाळा बंद म्हणजे त्याच्यासाठी भाषाच बंद. पाड्यावर ना रेंज, ना घरात जास्तीचा मोबाइल. अनेक शिक्षकांनी ओट्यावर, झाडाखाली वर्ग भरवले, पण ते रोजच्या शाळेची जागा घेऊ शकत नव्हते. 'असर'च्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात दुसरीचा धडा वाचू शकणारी पाचवीची मुलं २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, ती ४२.८ टक्क्यांवर आली.

मास्कचं काय?

मास्क नवा नाही. १९१०-११ च्या मांचुरियातल्या फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये डॉ. वू लिएन-तेह यांनी कापडी मास्कचा आग्रह धरला होता. १९१८ च्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोत मास्कची सक्ती झाली आणि तिच्याविरुद्ध लोकांनी संघटनाही काढली. त्याच वेळी न्यूयॉर्क आणि शिकागोने मुलांची तपासणी करत शाळा चालू ठेवल्या. म्हणजे हा वादही शंभर वर्षांचा आहे.

कोरोनात बांगलादेशातल्या सुमारे ६०० गावांत मोठा अभ्यास झाला. तिथे मास्कचा वापर वाढवल्यावर लक्षणं असलेला संसर्ग कमी झाला. सर्जिकल मास्कचा फायदा जास्त स्पष्ट दिसला. पण तो अभ्यास प्रौढांवर होता. मुलांसाठी आपल्या केंद्रीय आरोग्य विभागाचा सल्ला वयानुसार होता: पाच वर्षांपर्यंत मास्क नको, ६ ते ११ मध्ये मोठ्यांच्या देखरेखीखाली, १२ च्या पुढे मोठ्यांसारखाच. यात तारतम्य होतं. अक्षरं शिकणाऱ्या मुलाला बाईंचे ओठ दिसावे लागतात, उच्चार स्पष्ट ऐकू यावे लागतात. अखेर २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातली मास्कसक्ती संपली.

पुढच्या वेळी काय लक्षात ठेवायचं?

'शाळा उघडा की बंद ठेवा' हा प्रश्नच अपुरा आहे. पुढच्या साथीत हे चार प्रश्न विचारा:

१. हा आजार कोणत्या वयाला जास्त धोकादायक आहे? कोरोनाने मुलांना सोडलं, पण पुढचा विषाणू सोडेलच असं नाही.
२. आपल्या गावात आज रुग्ण किती? मुंबईचा आकडा शिरपूरला लावू नका.
३. वर्गाची खिडकी उघडते का? हवेतून पसरणाऱ्या आजारात बाक पुसण्यापेक्षा हवा खेळती ठेवणं जास्त उपयोगी.
४. शाळा बंद केली, तर पुन्हा विचार कधी करणार? तारीख ठरलेली हवी.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं लसीकरण आधी करून घ्या. त्यांना जपण्याचा तो मार्ग नातवाची शाळा दोन वर्षं बंद ठेवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.