लेना है तो बोलो

उर्दूतला ‘मिज़ाज’ मराठीत आला आणि त्याचा स्वभावच बदलला. उर्दूत कुणाचे मिज़ाज विचारणे म्हणजे ख्यालीखुशाली विचारणे. मराठीत ‘मिजास’ म्हणजे तोरा. नववीच्या वर्गात दोन्ही भाषा शिकवताना मी हा शब्द फळ्यावर लिहितो. मुलं उदाहरण मागतात, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दरवेळी एकच माणूस येतो: रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या दुकानातला काउंटरमागचा माणूस.

ही मिजास आवाजाच्या दुकानातच का, याचा मी बरेच दिवस विचार करतो आहे. कापडवाला गादीवर बसवतो, तीस साड्या उलगडतो आणि काही न घेता उठलात तरी ‘पुन्हा या’ म्हणतो. आपल्यातले मणियार घ्या. बांगडी भरताना बाईचा हात दुखू नये म्हणून किती जपतात, किती बोलत राहतात! मग रेडिओच्या दुकानात ‘लेना है तो बोलो’ कुठून आलं?

आधी हे असं नव्हतं. मिरजेला सतारमेकर गल्ली आहे. तिथले सतार-तंबोरा बनवणारे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, बनवणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या लढाया संपल्या, तलवारीला गिऱ्हाईक राहिलं नाही. तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. पंढरपूर भागातले भोपळे आणायचे, वाळवायचे, वाद्य घडवायचं आणि शेवटी जवारी काढायची. जवारी म्हणजे घोडीचा माथा असा घासायचा की तार छेडल्यावर आवाज गुंजत राहिला पाहिजे. ती गिऱ्हाइकाच्या कानाप्रमाणे काढतात. गायक समोर बसतो, तार छेडतो, मान हलवतो. कारागीर पुन्हा घासतो. इथे विकणाऱ्याला ऐकावंच लागतं, कारण ऐकल्याशिवाय माल पुराच होत नाही. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यामागे ही गल्लीही असणार असं मला आपलं वाटतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाची गोष्ट.

ग्रामोफोन आला आणि हे नातं तुटलं. १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करायला आला, गौहरजान गायल्या. गाणं संपताना त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथे रेकॉर्डी छापल्या जात आणि बोटीने परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, तरी दुकानदार काही कारागीर झाला नाही. तो एजंट. माल वरून बंद होऊन येणार, दर वरून ठरणार. त्याला ना घडवायचं होतं, ना ऐकायचं.

दुकानदाराच्या बाजूनेही बोललं पाहिजे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची रेकॉर्ड लाखेची, हातातून पडली की संपली. पोलादी सुई एक-दोन बाजू वाजवल्या की बदलावी लागे आणि प्रत्येक वाजवण्यात रेकॉर्ड थोडी झिजे. दहा जणांना ऐकवून अकराव्याला विकायची म्हणजे जुनी वस्तू नव्या भावाने विकणंच की. तरीही ज्यांना ऐकवायचं होतं त्यांनी वाट काढली. १९४० च्या दशकात काळा घोड्याला सुरू झालेल्या ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये ऐकण्यासाठी वेगळ्या खोल्या होत्या. तिथे नुसतं ऐकून बाहेर पडलेल्यांच्या आठवणी अजून लोक सांगतात. २०१६ मध्ये ते बंद झालं तेव्हा मुंबई हळहळली, ती काही फक्त रेकॉर्डींसाठी नव्हे.

पण काळा घोडा हा अपवाद, आणि मदनपुऱ्याच्या मागवाल्याला तिथे शिरायचं धाडस कुठून होणार?

रेडिओच्या काळात तर दुकानदाराला गिऱ्हाइकाची गरजच उरली नाही. रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे. त्याचं पुस्तक पोस्टातून घ्यायचं, दरवर्षी पैसे भरायचे. ही भानगड १९८० च्या दशकापर्यंत चालली. परदेशी मालावर कडक बंधनं. देशात मर्फीचा कारखाना ठाण्यात, आणखी फिलिप्स, बुश अशी मोजकी नावं. त्यात १९५२ च्या सुमारास मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षी सुरू झाली. सिलोन लागायला शॉर्टवेव्ह हवी. म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं, मागणी ठरलेली, माल थोडा. अशा वेळी गोड कोण बोलेल? लॅमिंग्टन रोडचं नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ‘क्या चाहिए?’ विचारण्याचा तिथला सूर मात्र जुन्याच रस्त्याचा.

टंचाईने दुकानदाराला आणखी एक सवय लावली. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याची किंमत करायची. पायात काय, अंगात काय, डोक्यावर काय. दाढी-टोपीवाला असेल तर ‘तुम्हारा कव्वाली का माल ख़तम’ हे मी स्वतः ऐकलं आहे. मी मागायला गेलो होतो बाबूजींच्या गीतरामायणाची कॅसेट. पण हे फक्त ‘त्यांच्या’ दुकानात घडतं असं म्हणणं खोटं ठरेल. आपल्याच मोहल्ल्यातला आपलाच दुकानदार चपला झिजलेल्या आपल्याच माणसाला शोकेसला हात लावू देत नसे.

गरिबाने मग दुकान टाळून आवाज मिळवला. हॉटेलातला रेडिओ, उरुसाचा कर्णा, भाड्याने मिळणारा लाउडस्पीकर. ‘अल-हिलाल’ चित्रपटातल्या कव्वालीने इस्माईल आझाद घरोघर पोचले. ती घरं बहुतेक रेडिओवाल्या शेजाऱ्याची होती.

मिजास मोडली आखाताने. १९७३ नंतर तेलाचा पैसा वाढला आणि आमच्या कोकणातली पोरं कुवेत, दुबई, सौदीला जाऊ लागली. सुट्टीवर येणाऱ्याच्या खांद्यावर टू-इन-वन असायचाच. ज्या घराला शहरातल्या दुकानाने कधी दारात उभं केलं नव्हतं, त्या घरात दुकानात नसलेला सेट आला. मुंबईत मुसाफिरखान्याच्या आसपास तोच माल विनापावती मिळू लागला. तिथली भाषाही काही मधाची नव्हती, ‘खोलने का नहीं’ हीच गॅरंटी.

दुकानदारांनी याचा सूड दुरुस्तीत उगवला. १९९० मधली गोष्ट. मी दहा वर्षांचा. शेजारच्या खालांचा मुलगा कुवेतमध्ये होता. खालांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तो कॅसेटमध्ये बोलून पाठवायचा. ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, खबरबात बंद. खाला जुनी कॅसेट दिवसातून तीनदा ऐकायच्या. एक दिवस फीत आत गुरफटली. मी त्यांच्याबरोबर तालुक्याच्या गावी गेलो. दुकानदाराने सेटकडे पाहिलं, आमच्याकडे नाही. ‘हमारे यहाँ का नहीं है, जहाँ से लाया वहाँ ले जाओ.’ खाला म्हणाल्या, ‘बेटा, मशीन रख लो, बस मेरी कॅसेट निकाल दो.’ त्याने झाकण उघडून फीत ओढली. ती तुटली. ‘लो, निकाल दी.’

एसटी स्टँडजवळ घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका कोष्टी मुलाने ती फीत चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून जोडली, पेन्सिलीने गुंडाळली आणि आपल्या टेपवर वाजवून दाखवली. ‘अम्मी, तबियत’पर्यंत आलं, मग एक खट् आवाज आणि एकदम ‘पैसे मिले क्या’. मधले शब्द गेले. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. खालांनी जबरदस्तीने दिले. मुलगा ऑक्टोबरमध्ये अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने परतला. त्या मोहिमेत दीड लाखाहून जास्त भारतीय परत आले होते. त्याने तो सेट पुन्हा त्या दुकानात नेला नाही.

त्याच सुमारास गुलशनकुमारांच्या स्वस्त कॅसेटींनी बाजार भरून गेला होता. पानाच्या गादीवर, किराणा दुकानात कॅसेटी. ऐकवल्याशिवाय विकत नसत, कारण शेजारी दुसरा विकणारा उभा. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला, तो चांगलाच आहे. पण माझ्या मते जीभ गोड केली ती कायद्याने नव्हे, शेजारच्या गाडीने.

माझा एक जुना विद्यार्थी आता मॉलमधल्या शोरूममध्ये स्पीकर विकतो. उर्दू माध्यमाचा म्हणून ‘आप’ चांगलं बोलतो, मॅनेजर खूश. दिवसभर उभं राहायचं, बसायला स्टूल नाही. परवा भेटला तेव्हा म्हणत होता, ‘सर, आवाज़ सुनने कोई नहीं आता. सब फ़ोन में भाव देखके आते हैं, हमपे चिल्लाते हैं, और घर जाके ऑनलाइन मँगा लेते हैं.’