निद्राकालीन स्मृतिपुनर्जागरण

जागेपणी एखादा अनुभव घेताना मेंदूतील ज्या चेतापेशी एकत्र कार्यरत झालेल्या असतात, त्यांचाच समूह नंतरच्या झोपेत पुन्हा कार्यरत होतो. या प्रक्रियेस निद्राकालीन स्मृतिपुनर्जागरण म्हणतात. संज्ञेतील ‘जागरण’ चेतापेशींचे आहे, झोपणाऱ्याचे नव्हे. ही प्रक्रिया प्रामुख्याने गाढ झोपेत आढळते आणि तिला स्वप्न समजणे योग्य नाही.

शोध

मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात विशिष्ट जागी गेल्यावरच उद्दीपित होणाऱ्या ‘स्थलपेशी’ असतात. १९९४ साली मॅथ्यू विल्सन व ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांमधील अशा अनेक पेशींची एकाच वेळी नोंद घेतली. फिरताना ज्या पेशी जोडीने उद्दीपित झाल्या, त्या नंतरच्या झोपेतही जोडीने उद्दीपित होत होत्या. फिरण्यापूर्वीच्या झोपेत असा संबंध तितका दिसला नव्हता. पुढील संशोधनात पेशींचा क्रमही टिकून राहतो, मात्र तो कितीतरी पट वेगाने उलगडतो, असे आढळले.

हे केवळ दिवसभराच्या हालचालींचे पडसाद असतील, ही शंका रास्त होती. हिप्पोकॅम्पसमध्ये पुनर्जागरणाच्या वेळी अतिजलद विद्युत्तरंग उमटतात. २००९ साली गॅब्रिएल जिरार्दो व सहकाऱ्यांनी प्रशिक्षणानंतरच्या झोपेत हे तरंग उमटताच सौम्य विद्युत्स्पंदाने खंडित केले. त्या उंदरांना आठ फाट्यांच्या चक्रव्यूहातील खाद्याच्या जागा शिकणे जड गेले. तेवढेच स्पंद, पण तरंगांच्या वेळा टाळून दिलेले उंदीर मात्र सरस ठरले.

मेंदूरचनेतील बदल

२०१४ साली वेन-बियाओ गान यांच्या गटाने फिरत्या दांड्यावर तोल सांभाळायला शिकलेल्या उंदरांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. झोपेनंतर चेतापेशींच्या ठरावीक वृक्षिकांवर नवे सूक्ष्म उंचवटे उगवलेले होते. अशा उंचवट्यांवरच अन्य पेशींशी संपर्क जुळतो. झोपेतील पुनर्जागरण रोखल्यावर त्यांची वाढ खुंटली. झोप न मिळालेल्या उंदरांकडून जादा सराव करून घेतला, तरी ही उणीव भरून निघाली नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

ज्युलिओ टोनोनी व किआरा चिरेली यांचे मत याच्या उलट दिशेचे वाटते. त्यांच्या गृहीतकानुसार झोपेत संपर्कस्थाने एकंदरीत आकसतात. २०१७ साली त्यांच्या गटाने केलेल्या मोजणीत उंदरांमधील संपर्कस्थानांचे आकारमान झोपेनंतर सुमारे १८ टक्के घटलेले आढळले. सर्वांत मोठी संपर्कस्थाने मात्र बहुतांशी तशीच राहिली. निवडक ठिकाणी वाढ आणि इतरत्र छाटणी, अशी दोन्ही निरीक्षणांची सांगड घालता येते. परंतु हा वाद मिटलेला नाही.

मानवावरील प्रयोग

२००७ साली ब्यर्न राश, यान बॉर्न व सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना गुलाबाच्या गंधात पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा पाठ करायला लावल्या. गाढ झोपेत तोच गंध पुन्हा दिल्यावर त्यांचा हिप्पोकॅम्पस कार्यरत झाला आणि सकाळी जागा अधिक अचूक आठवल्या. पाठांतराच्या वेळी ज्यांना गंध दिलेला नव्हता, त्यांना झोपेतील गंधाचा काहीच लाभ झाला नाही. त्यामुळे झोपेत ध्वनिफिती ऐकून नवा विषय आत्मसात होतो, या प्रचलित समजुतीस या प्रयोगाचा आधार घेता येत नाही.