रविवारची सुटी आणि मांडवीची साथ

नाताळच्या मिस्सेला अर्धापूर परिसरातील काही कुटुंबे दरवर्षी दिसत नाहीत. दिवाळीनंतर ती ऊसतोडीला गेलेली असतात. साखर कारखान्याजवळ पाचटाच्या कोपीत त्यांचा संसार असतो. तेथे ना न्हाणीघर, ना रविवार. रविवार हा आपल्याला पंचांगाने दिला असे आपण समजतो. वास्तविक मराठी कामगाराला तो झगडून मिळाला आहे, आणि त्याचा इतिहास आरोग्याच्या इतिहासाशी निगडित आहे.

इंग्लंडमध्ये 1842 साली एडविन चॅडविक यांनी कष्टकऱ्यांच्या वस्त्यांचा अहवाल मांडला. घाण पाणी, तुंबलेली गटारे आणि दाटीची घरे माणसाचे आयुष्य तोडतात, हे त्यातून सरकारला कळले. तो विचार मुंबईतही आला. 1860 मध्ये विहारचे पाणी शहराला मिळू लागले. परंतु कोकणातून व देशावरून आलेला गिरणी कामगार चाळीच्या एका अंधाऱ्या खोलीत अनेकांसह राहत होता. नळ आला, उजेड व हवा आली नाही.

23 सप्टेंबर 1884 रोजी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरली. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे तिचे पुढारी होते. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे 5,500 कामगारांनी सह्या केल्या. रविवार हा खंडोबाचा वार, असेही लोखंडे मांडीत. सहा वर्षांच्या लढ्यानंतर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी ती सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी, 1891 मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीचा हक्क जगापुढे ठेवला.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत ताप व गाठी येऊन माणसे दगावू लागली. गोव्यातील हडफडे गावचे डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे निदान केले. ते महापालिकेच्या स्थायी समितीचे सभासद होते. ते घबराट पसरवीत आहेत, अशी टीका झाली. पण निदान खरे ठरले. ते गरिबांच्या वस्तीत जाऊन उपचार करीत राहिले.

सरकारचा मार्ग निराळा होता. घरझडती, रुग्णांना बळजबरीने इस्पितळात नेणे, गटारांत कार्बोलिक ओतणे असे उपाय झाले. 29 ऑक्टोबर 1896 रोजी संतप्त गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. ज्याच्या चाळीकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिले नाही, त्याच्या दारी सरकार प्रथम आले ते शिपाई घेऊन! उंदरावरील पिसवांतून रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 साली कराचीत दाखवले. तोवर लाखो लोक शहर सोडून गेले होते.

या साथीत रुग्णांची सेवा करताना 9 फेब्रुवारी 1897 रोजी लोखंडे निवर्तले. महिन्याभरात पुण्यात सावित्रीबाई फुले यांनीही त्याच सेवेत देह ठेवला.

1898 मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. दाटीच्या वस्त्या पाडून त्याने रुंद रस्ते काढले. परंतु पहिल्या दशकात जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. उठवलेला गरीब शेजारच्या चाळीत शिरला आणि तिथली दाटी वाढली.

मुंबईत धोबीतलावाजवळ आजही डॉ. व्हिएगस यांचा पुतळा उभा आहे. जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत साथीच्या काळात उभारलेले क्रूस आहेत. त्यांच्यासमोर आपण मेणबत्ती लावतो, ते योग्यच. पण ती साथ ज्या दाटीत, ज्या अंधारात माजली, त्याचीही आठवण ठेवली पाहिजे. औषध रोग बरा करते. रोगाचे घर मात्र माणसांनीच बदलायचे असते. कोपीतल्या आपल्या बांधवांना अजून रविवार मिळालेला नाही. नाताळला त्यांच्या रिकाम्या जागा पाहून हळहळण्यापेक्षा, एकदा त्यांच्या कोपीपर्यंत आपण जाऊन यावे.