चित्रातली भिंत आणि वाड्याचा खण

व्हिडिओ गेममध्ये तुम्ही आजवर किती घरांत शिरलात, कधी मोजलंय? युरोपातले किल्ले, अमेरिकन गोदामं, जपानी देवळं, भुयारी रेल्वेची स्टेशनं. आता दुसरा प्रश्न. त्यात एकदा तरी ओसरी लागली का? शहाबादी फरशी? भिंतीतला कोनाडा?

बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असंच येईल. ‘आपली बाजारपेठ लहान’ हे त्याचं नेहमीचं कारण, आणि ते खोटं नाही. पण आणखी एक कारण या तंत्राच्या इतिहासात दडलंय. पॉडकास्टमध्ये त्याचा नुसता उल्लेख झाला होता, इथे जरा सावकाश बघू. गंमत म्हणजे हा इतिहास नीट कळला, की गेमसाठी साधी इमारत कशी उभी करायची हेही निम्मं शिकून होतं.

भिंतीला कागद चिकटवायची युक्ती

संगणकाला भिंत कळत नाही. त्याला कळतात बिंदू, आणि ते जोडून झालेले सपाट त्रिकोण. एका भिंतीत हजार विटा असतील आणि प्रत्येक विटेच्या कडा, खाचा, टवके त्रिकोणांनी बांधायचे ठरवले, तर एकच खोली बांधता बांधता यंत्र थकेल. १९८० साली आलेला अटारीचा ‘बॅटलझोन’ बघा. त्यात डोंगर आणि रणगाडे आहेत, पण नुसत्या हिरव्या रेघांचे. पृष्ठभाग असा नाहीच.

यातून सुटायची वाट त्याआधीच सापडली होती. युटा विद्यापीठात एड कॅटमुल नावाचा विद्यार्थी पीएचडी करत होता. पुढे पिक्सार उभारणाऱ्यांपैकी तो एक. १९७४ च्या प्रबंधात त्यानं दाखवलं, की आकार साधा ठेवून त्यावर एखादं चित्र ताणून बसवता येतं. यालाच आपण टेक्श्चर मॅपिंग म्हणतो. १९७८ मध्ये जिम ब्लिननं पुढची पायरी गाठली: पृष्ठभाग सपाटच ठेवायचा, फक्त त्यावर उजेड असा पाडायचा की तो खडबडीत वाटावा. आज तुम्ही ज्याला नॉर्मल मॅप म्हणता, त्याचा हा पूर्वज. १९८३ मध्ये लान्स विल्यम्सनं मिपमॅपची कल्पना मांडली. एकाच चित्राच्या लहान लहान होत जाणाऱ्या प्रती आधीच करून ठेवायच्या, म्हणजे लांबच्या भिंती लुकलुकत नाहीत.

या तिन्ही युक्त्यांच्या मुळाशी एकच निर्णय आहे: कुठली गोष्ट आकारानं सांगायची आणि कुठली चित्रावर सोडायची? साधी इमारत बनवायला शिकणं म्हणजे हा निर्णय घ्यायला शिकणं. खिडकीची चौकट भिंतीच्या आत गेलीय, तिची सावली पडते, दुरूनही ती खोली दिसते. तिला आकार द्या. गिलाव्याला गेलेला तडा चित्रात राहू द्या.

काटकसरीचं व्याकरण

हे तंत्र प्रयोगशाळेतून घरच्या संगणकावर आलं ते प्रचंड काटकसर करत. १९९२ च्या ‘वुल्फनस्टाइन थ्रीडी’त सगळ्या भिंती सारख्याच उंचीच्या, एकमेकींना काटकोनात, आणि प्रत्येक भिंतीचं चित्र ६४ बाय ६४ ठिपक्यांचं. जमीन आणि छत म्हणजे नुसता सपाट रंग. १९९३ च्या ‘डूम’मध्ये भिंती तिरक्या झाल्या, जमीन वरखाली झाली, तरी एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली बांधता येत नव्हती. म्हणजे माडीच नाही! ती आली १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये. तिथे नकाशा ठोकळ्यांनी रचला जायचा, आणि कुठे किती उजेड पडणार हे आधीच मोजून भिंतींवर उतरवलेलं असायचं.

ती गरिबी गेली, सवयी मात्र राहिल्या. आजही टेक्श्चर शक्यतो २५६, ५१२, १०२४, २०४८ अशाच मापांत करतात. आजही एकाच चित्राची पुनरावृत्ती करून भिंत भरतात, आणि म्हणूनच चित्राची डावी कड उजव्या कडेशी बेमालूम जुळावी लागते. त्यात एखादा ठळक डाग राहिला तर तो दर दोन मीटरवर परत भेटतो आणि सगळं बिंग फुटतं.

शिकणाऱ्यांच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची गोष्ट वेगळीच घडली. ‘डूम’च्या कर्त्यांनी नकाशे आणि चित्रं मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवली, म्हणजे खेळणाऱ्यांना आपापली बांधकामं करता यावीत. मग काय, जगभरची शाळकरी पोरं गवंडी झाली. ‘काउंटर-स्ट्राइक’मधला ‘डस्ट’ हा नकाशा १९९९ मध्ये डेव्ह जॉन्स्टन या ब्रिटिश मुलानं घरी बसून बनवला. वाळूच्या रंगाच्या भिंती, कमानी, लाकडी खोकी, बस्स. त्याला रूप कुठून सापडलं? तेव्हा प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका गेमच्या चित्रांवरून. हे त्यानंच पुढे मोकळेपणानं लिहिलंय.

तुमच्यापैकी जे दुबईत किंवा मस्कतमध्ये वाढलेत, त्यांनी इथे जरा थांबावं. कोट्यवधी लोकांच्या मनातली ‘अरबी गल्ली’ घडवण्यात ज्या नकाशाचा मोठा वाटा आहे, तो कुठल्याही गल्लीवरून काढलेलाच नव्हता. यात त्या मुलाचा दोष नाही. हाताशी जे होतं त्यातून त्यानं उत्तम काम केलं. पण हाताशी काय असतं, हाच तर प्रश्न आहे. विटेची तयार चित्रं शोधा, हजारो मिळतील. सारवलेल्या जमिनीची किती मिळतात?

पतंगाला बांधलेला कॅमेरा

तयार संग्रहाला पर्याय आहे, आणि तोही जुना आहे. बर्कलीच्या विद्यापीठात पॉल डेबेव्हेक यानं १९९६ च्या प्रबंधात एक पद्धत मांडली: इमारतीचे मोजकेच फोटो काढायचे, त्यांवरून साधे ठोकळे आणि पिरॅमिड जुळवायचे, आणि मग तेच फोटो त्या ठोकळ्यांवर प्रकाशझोतासारखे टाकायचे. १९९७ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठातल्या घंटाघरावर ‘द कॅम्पनिली मूव्ही’ ही छोटी फिल्म केली. वरून दिसणारं दृश्य मिळावं म्हणून पतंगाला कॅमेरा बांधून फोटो काढले होते. हेच तंत्र पुढे ‘द मेट्रिक्स’मधल्या प्रसिद्ध दृश्यांच्या पार्श्वभूमीसाठी वापरलं गेलं.

सॉफ्टवेअरची अडचणही तुमच्या पिढीला उरलेली नाही. ब्लेंडर हा प्रोग्राम ज्या डच कंपनीकडे होता ती बंद पडली, तेव्हा त्याचे निर्माते टॉन रोझेंडाल यांनी २००२ मध्ये लोकवर्गणी काढली. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लेंडर सगळ्यांसाठी खुला झाला. आपल्याकडे वर्गणीतून मांडव उभा राहतो, इथे सुतारशाळा उभी राहिली.

खण: आपल्याकडचं मॉड्यूल

आता वाड्याकडे येऊ. मोठ्या गेममध्ये इमारती एकेक करून बांधत नाहीत. ठरावीक मापाचे तुकडे करतात: एक भिंत, एक दारवाली भिंत, एक कोपरा, एक जिना. मग ते जुळवत जातात. २०११ च्या ‘स्कायरिम’मधल्या गुहा आणि तळघरं अशीच रचलेली आहेत. शिकणाऱ्याला इथे सगळ्यात अवघड जातं ते तुकड्याचं मूळ माप ठरवणं.

मराठी घरानं ते माप कधीच ठरवून ठेवलंय. त्याचं नाव खण. (चोळीचा नव्हे!) दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर केवढं, हे लोक खणांत सांगायचे: पाच खणी, सात खणी. लाकडाच्या तुळईला किती अंतर पेलवेल, यावर खणाची लांबी ठरायची. म्हणजे वाडा हा मुळातच तुकड्यांचा संच आहे. एक खण नीट बनवा: खाली दगडी जोतं, त्यावर खांब, खांबावर तुळई, वर कड्या आणि तक्तपोशी. तो चार बाजूंनी ओळीत मांडत गेलात की मधे आपोआप चौक तयार होतो. महिरप, कोनाडा आणि दिंडी दरवाजा हे वेगळे तुकडे करा. पुण्याचा १८०७ चा विश्रामबाग वाडा अजून उभा आहे. त्याच्या दर्शनी भागाकडे या नजरेनं बघितलंत, तर एकेक खण सुटा दिसायला लागेल.

चित्र चढवताना शिंप्यासारखा विचार करा. आकार शिवणीवर उसवून सपाट पसरायचा, त्यावर चित्र ठेवायचं. शिवण सहसा दिसणार नाही तिथे घ्यायची: खांबाच्या मागच्या बाजूला, तुळईच्या वरच्या अंगाला. आणि सगळ्या तुकड्यांवर चित्राचे ठिपके दर मीटरला सारखेच बसवा. नाहीतर भिंत धुरकट आणि दार मात्र लख्ख, असं विचित्र दिसतं.

पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ हा देखणा गेम काढला. त्यातल्या वास्तूंवर छाप आहे ती राजस्थानची. त्यांची गोष्टच तशी होती, त्यामुळे ते योग्यच. पण वाड्याची जागा अजून रिकामी आहे, हेही त्यातून दिसतं.

मनोरा आणि कौल

मात्र एक धोका आहे. २०१४ च्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’त पॅरिसचं नोत्र-दाम कॅथेड्रल आहे. कॅरोलिन मियुस या कलाकारानं त्यावर दीर्घकाळ मेहनत घेतली. २०१९ मध्ये कॅथेड्रलला आग लागली, तेव्हा अनेकांना वाटलं की आता याच मॉडेलवरून ते परत बांधता येईल. पण गेमची गोष्ट घडते फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, आणि तिथे दाखवलेला उंच मनोरा एकोणिसाव्या शतकात बांधलेला! लोकांच्या मनातलं नोत्र-दाम मनोऱ्याशिवाय पुरं होत नाही, म्हणून तो ठेवला गेला. मोजमापासाठी उपयोगी पडेल असा पुरावा वेगळाच होता: अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकारानं २०१० मध्ये केलेलं लेझर स्कॅन.

आपला मनोरा कुठला? मंगळुरी कौल. पेशवाईतलं घर म्हटलं की आपण डोळे मिटून लाल चपटी कौलं चढवतो. ती कौलं मंगळूरला बाझल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून व्हायला लागली. पेशवाई संपली १८१८ मध्ये. शनिवारवाडा तर १८२८ च्या आगीत गेला. आज तिथे तटबंदी, दरवाजे आणि जोती उरलीत. वरचे मजले बनवायचे असतील तर अंदाजच करावा लागेल. अंदाज करायला हरकत नाही, पण तो अंदाज आहे हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. मॉडेलमध्ये खरं जोतं आणि कल्पनेतली माडी सारख्याच तपशिलानं चमकतात, आणि बघणारा दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो. कल्पनेचा भाग निराळ्या रंगात ठेवा, किंवा सोबत दोन ओळी लिहा.

म्हणून सुरुवात शनिवारवाड्यापासून करू नका. दोन-तीन वर्षांनी गावी जाल तेव्हा आजोळच्या घरापासून करा, कारण पुढच्या खेपेला तिथे बिल्डरची पाटी असू शकते. मोजपट्टी न्या. दाराची उंची, खणाची लांबी, जोत्याची उंची, पायरीची रुंदी एवढं वहीत लिहा. भिंतींचे फोटो ढगाळ वेळी किंवा सावलीत काढा, अगदी समोरून, म्हणजे उन्हाची सावली चित्रात कायमची अडकत नाही. पायाखालची जमीनही सोडू नका, तिचा फोटो कुणीच काढत नाही. आणि मामाला किंवा आजीला सोबत घेऊन प्रत्येक भागाचं नाव विचारा: पडवी कुठली, माजघर कुठलं, या खुंटीवर काय टांगायचे. परत आल्यावर ब्लेंडरमध्ये तुकड्यांना तीच नावं द्या. ‘क्यूब ०४७’ असं लिहिलेल्या तुकड्याला उद्या कुणी विचारणार नाही. ‘माजघराची खुंटी’ असं लिहिलंत, तर विचारतील.