कोयनेची नोंद

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आमचं बेळगावही हादरलं, हे जुन्या मंडळींना आठवत असेलच. पण त्या भूकंपाची पक्की साक्ष दिली ती कोयना धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने. एरवी निजलेलं हे यंत्र धक्का बसताच जागं होतं आणि हादऱ्याचा जोर कागदावर उतरवतं. धरण बांधताना हिशेब गुरुत्वाच्या ०.०५ पट धरला होता; यंत्राने दाखवला ०.६३! धरणाला तडे गेले, पण ते टिकलं. कोयनानगरात मात्र घरं कोसळली, माणसं गेली. मी बँकेतला माणूस, नोंदीचं मोल जाणतो. त्या काही सेकंदांच्या नोंदीवर जगभरचे अभियंते आजही धरणांची ताकद तपासतात. तुमच्या घरच्या आठवणीही लिहून ठेवा, मंडळी.